दोऱ्याचं अंतर

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती? फोनला विचारा, क्षणात उत्तर येतं: साडेबारा हजार किलोमीटरच्या थोडं वर. वेळ किती? पंधरा तासांच्या आसपास. ताशी साडेआठशे किलोमीटर वेग धरून केलेला हा भागाकार आहे आणि गणित म्हणून तो बरोबर आहे. प्रवाशाच्या मात्र तो काही कामाचा नाही. तरी याच आकड्यावर विसंबून घरोघरी सत्तरीच्या आईवडिलांची तिकिटं काढली जातात. "पंधरा तासांचा तर प्रश्न आहे, झोपून काढायचे," असं त्यांना सांगितलं जातं. मला या वाक्याचा राग आहे.

आधी अंतराचं बघू. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. भिंतीवरचा नकाशा पाहून वाटतं, वाट अरबी समुद्र, भूमध्य समुद्र, अटलांटिक अशी सरळ पश्चिमेला जाणार. दोरा तसा जातच नाही, तो उत्तरेला चढतो. सौराष्ट्रावरून पाकिस्तानात सिंधमध्ये, क्वेट्याच्या बाजूनं अफगाणिस्तानात, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग रशिया. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग या दोन्ही शहरांना जवळजवळ घासून तो फिनलंड, स्वीडन, नॉर्वे ओलांडतो, आइसलंडवरून जातो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाखालून कॅनडात शिरतो आणि तिथून खाली न्यूयॉर्कला उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून तुम्ही जी सरळ रेघ काढाल, ती या दोऱ्यापेक्षा सुमारे १,७०० किलोमीटरनं लांब भरते. पृथ्वी गोल आहे हे शाळेत सगळे शिकतात. तिकीट काढताना मात्र सपाट नकाशाच डोळ्यांपुढं असतो.

तर साडेबारा हजार किलोमीटर हे या दोऱ्याचं अंतर. आता ज्या देशांची नावं घेतली ती पुन्हा वाचा. पाकिस्तान. रशिया.

पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर, २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. आठवड्याच्या आत भारतानंही पाकिस्तानी विमानांसाठी तेच केलं. त्यानंतर दर महिन्याला दोन्हीकडून मुदतवाढीचं पत्रक निघत राहिलं. रशियानं २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर चढाई केली. अमेरिका आणि युरोपनं रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियानं त्यांच्या विमानांना. म्हणजे भारतीय कंपनीच्या विमानाला दोऱ्याचं सुरुवातीचं टोक बंद आणि अमेरिकी कंपनीच्या विमानाला मधला सगळ्यात लांब तुकडा बंद. आज मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं कुठलंही विमान, मग ते कोणाचंही असो, या दोऱ्यावरून जात नाही. फोन मात्र अजून दोऱ्याचंच अंतर सांगतो.

याचा फटका किती, तर युनायटेड एअरलाइन्सनं मार्च २०२२ मध्ये मुंबई–नेवार्क (न्यूयॉर्कजवळचं) आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को या दोन्ही थेट सेवा थांबवल्या. रशियाला वळसा घालून तेवढं इंधन आणि तेवढे प्रवासी एका उड्डाणात बसेनात. हेलसिंकीहून टोकियोला जायला फिनएअरला नऊ-साडेनऊ तास लागत, ते तेरावर गेले. आपल्याकडं दिल्लीला जास्त मार बसला, कारण दिल्लीच्या पश्चिमेला पाकिस्तानच आहे. मुंबईला निदान समुद्र मोकळा आहे. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची विमानं व्हिएन्ना, कोपनहेगन इथं इंधनासाठी उतरायला लागली, आणि सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली–वॉशिंग्टन ही थेट सेवा कंपनीनं बंदच केली. कारणांमध्ये पाकिस्तानचं आकाश होतं, विमानांचा तुटवडाही होता.

हे पहिल्यांदा झालं असंही नाही. बालाकोटवरच्या भारताच्या हवाई हल्ल्यानंतर २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश असंच बंद होतं. एकट्या एअर इंडियाचं त्यात जुलैच्या सुरुवातीपर्यंत ४९१ कोटींचं नुकसान झालं, असं तेव्हाचे हवाई वाहतूक मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी राज्यसभेत सांगितलं होतं. कंपनीचं नुकसान संसदेत मांडलं गेलं. त्याच महिन्यांत जे प्रवासी दोन-तीन तास जास्त अवघडून बसले, त्यांच्या गुडघ्यांचा हिशेब कुठल्याच सभागृहात आला नाही.

८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं परदेशी उड्डाण मुंबईहून लंडनला निघालं. 'मलबार प्रिन्सेस' नावाचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान होतं आणि कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत ते पोचलं. विमानाचा पल्लाच तेवढा होता. १९६० मध्ये बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागलं, तेही लंडनवरून. एका दमात मुंबई ते न्यूयॉर्क जायला २००७ चा ऑगस्ट उजाडावा लागला. साठ वर्षं खपून इंजिनं, पंख, टाक्या सुधारल्या आणि थांबे गेले. आता विमानात ताकद आहे, टाकी भरलेली आहे आणि तरी थांबे परत आलेत. ही माघार माणसांनी ओढवून घेतलेली आहे, म्हणून ती मला जास्त लागते.

आता वेळेकडे या. अंतर वाढलं की वेळ वाढतो हे आपण गृहीत धरतो. आकाशात ते खरं असेलच असं नाही. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीनं ते उलट दिशेनं, पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास, म्हणजे पहिल्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास कमी.

कारण वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, बरोबर जिथं विमानं उडतात तिथं, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे वाहत असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरपर्यंत जातो. पूर्वेला चाललेलं विमान त्यावर स्वार होतं, पश्चिमेला चाललेलं त्याच्याशी झगडतं. वैमानिकांच्या बोलण्यात टेलविंड (मागून येणारा वारा) आणि हेडविंड (समोरून येणारा) हे शब्द सतत येतात ते यामुळं. म्हणूनच मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना सोळा तास लागले, तर तिथून येताना साडेचौदा लागतात. तेच दोन विमानतळ आणि दीड तासाचा फरक. 'अमुक ते तमुक इतके तास' असा एकच आकडा जाण्यायेण्याला मिळून कोणी सांगत असेल, तर त्यानं वारा मोजलेला नाही.

आणि आकडा समोर छापलेला असला तरी तो वाचणं सोपं आहे का? मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलमध्ये रात्री बारानंतर जाऊन बसा. अमेरिकेच्या विमानाच्या दाराशी व्हीलचेअरची रांग लागलेली असते. त्यात नऊवारीवर स्वेटर घातलेल्या आज्जी असतात, गळ्यात पासपोर्टचं पाकीट अडकवलेले आजोबा असतात, मांडीवरच्या पिशवीत थालीपिठाचा डबा असतो. अशाच एका रांगेत इस्लामपूरकडचे एक आजोबा तिकिटाचा कागद डोळ्यांजवळ धरून बसले होते. शेजारच्या पोराला म्हणाले, "दीडला सुटतंय, सातला पोचतंय. म्हंजे साडेपाच तासच की रं! मग पोरगी सोळा का म्हनती?"

पोरगा चांगला होता. तो खाली बसला, पेन काढलं. "आजोबा, तुमचं सात म्हणजे तिथले सात. आपल्याकडं तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असणार."

"आसं व्हय. मग कागदावर लिवायचं की त्ये."

बरोबर बोलले ते. कागद चुकलेला नव्हता आणि आजोबांचं वाचनही चुकलं नव्हतं. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागं असतं, उन्हाळ्यात साडेनऊ तास, कारण तिकडं वर्षातून दोनदा घड्याळं सरकवतात. परतीच्या तिकिटावर याचं उलटं होतं. तिथून दुपारी बाराला निघालेलं विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी एकला उतरतं. कागदावर पंचवीस तास दिसतात, बसायचं साडेचौदा तास. दोन शहरांच्या दोन स्थानिक वेळा ठळक आणि खरा कालावधी कुठंतरी कोपऱ्यात बारीक, हा प्रकार प्रवाशासाठी केलेला नाही. औषधाच्या गोळ्या वेळेवर घेणाऱ्या माणसासाठी तर नाहीच नाही. रक्तदाबाची गोळी सकाळी आठला घ्यायची असेल तर कुठल्या आठला? इन्सुलिन कधी? हे प्रश्न घरून निघण्याआधी डॉक्टरांना विचारायचे असतात. पण विचारणार कधी, तर एकूण तास माहीत असतील तेव्हा.

एकूण तास म्हणजे विमानातले नव्हेत. विमान कंपनी जो वेळ सांगते तो एका विमानतळाच्या दारापासून दुसऱ्या विमानतळाच्या दारापर्यंतचा. मुंबईहून अमेरिकेला जाणारा निम्मा महाराष्ट्र मुंबईत राहतच नाही. कोल्हापुरातून निघा. मुंबईपर्यंत घाट, पावसाळा, ट्रकची रांग धरून आठ-नऊ तास. द्रुतगती मार्गावर एखादा टँकर आडवा झाला तर विचारूच नका, म्हणून आणखी दोन तास हाताशी ठेवायचे. विमानतळावर उड्डाणाआधी तीन-चार तास. मग विमानात सोळा. न्यूयॉर्कला उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, बॅगांचा पट्टा, कस्टम्सवाल्यानं लोणच्याची बरणी उघडायला लावली तर तेही. मग लेकाच्या गाडीत बसून न्यू जर्सीत एडिसनला, रस्त्यावरच्या गर्दीप्रमाणं तास-दीड तास. पंधरा तासांचे बत्तीस-तेहतीस होतात. यात विमान बदलणं धरलेलं नाही. आखातात किंवा युरोपात विमान बदलायचं असेल तर त्यात नवा विमानतळ, नवी तपासणी आणि भलत्या वेळेची भूक आली.

या बत्तीस तासांतले सोळा कुठं जातात तेही बघा. विमानाच्या आतली हवा जमिनीवरच्यासारखी नसते. जुन्या बांधणीच्या मोठ्या विमानांत आतला दाब समुद्रसपाटीपासून जास्तीत जास्त २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. बोइंग ७८७ सारख्या नव्या विमानात हा आकडा १,८०० मीटर. महाराष्ट्राचं सर्वात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे ज्या आजोबांना जिना चढताना दम लागतो, त्यांना आपण कळसूबाईपेक्षा विरळ हवेत सोळा तास बसवतो, तेही अशा कोरड्या हवेत की घसा आणि डोळे तासाभरात सुकतात. त्यात एका ओळीत नऊ-दहा खुर्च्या. मधल्या खुर्चीवरच्या आज्जी शेजाऱ्याला उठवायला लाजतात, म्हणून स्वच्छतागृहात जावं लागू नये यासाठी पाणीच पीत नाहीत. हे मी अनेक बायकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि दरवेळी पोटात कालवतं. न हलता, पाणी न पिता इतके तास बसलं की पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगतात. कडेची खुर्ची मागून घ्या, मोजे घाला, दर दोन तासांनी उठा. लाजायचं काहीही कारण नाही.

वैमानिकांसाठी नियम आहेत. इतक्या लांबच्या उड्डाणावर चौघं असतात, आळीपाळीनं झोपतात, त्यांच्यासाठी बिछान्यांची वेगळी खोली असते. ते असायलाच हवं, आपला जीव त्यांच्या हाती असतो. प्रवाशाच्या शरीराचा विचार करता येतो हेही काही कंपन्यांनी दाखवलंय. सिंगापूर एअरलाइन्सनं ऑक्टोबर २०१८ मध्ये सिंगापूर–नेवार्क हे साडेपंधरा हजार किलोमीटरच्या आसपासचं उड्डाण पुन्हा सुरू केलं, तेव्हा त्या विमानात फक्त १६१ खुर्च्या ठेवल्या आणि साधा, म्हणजे इकॉनॉमी वर्ग ठेवलाच नाही. यात पैशाचं गणित होतंच. पण साडेअठरा तास माणसाला अरुंद खुर्चीत कोंबता येत नाही, हा विचारही होता. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटसनं सिडनी–लंडन थेट उड्डाणाच्या तयारीत २०१९ मध्ये न्यूयॉर्क–सिडनी अशी चाचणी केली. १९ तास १६ मिनिटं. त्यात बसलेल्यांची झोप, हालचाल, जेवणाच्या वेळा तपासल्या. त्यासाठी जी विमानं मागवली, त्यांत प्रवाशांना उभं राहून हातपाय ताणायला वेगळी जागा ठेवली आहे. आपल्याकडच्या लांब उड्डाणांवर म्हातारे प्रवासी इतके असतात, तर हा विचार इथं सगळ्यात आधी व्हायला हवा होता.

आणि वाट मध्येच सोडावी लागते तेव्हा काय होऊ शकतं, याचीही उदाहरणं आहेत. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनच्या तक्रारीमुळं रशियाच्या अतिपूर्व भागात, मगादान इथं उतरवावं लागलं. २१६ प्रवासी. तिथं सगळ्यांची हॉटेलात सोय होऊ शकली नाही, त्यामुळं अनेकांना तात्पुरत्या निवाऱ्यात जमिनीवर गाद्या टाकून झोपावं लागलं. दुसरं विमान येऊन ते पुढं जाईपर्यंत दीड-दोन दिवस गेले. वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवलं, हे सगळ्यात मोठं. पण आपलं विमान मगादानवरून जातं हे त्या २१६ जणांपैकी कितींना निघताना माहीत असेल? जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात लढाई पेटली तेव्हा आपल्याकडून निघालेली किती तरी विमानं अर्ध्या वाटेतून परत फिरली किंवा भलत्याच शहरात उतरली. एवढं होऊनही तिकिटावर वाटेचा 'व' नसतो.

एक गोष्ट मात्र चांगली झाली, ती नोंदवायला हवी. पाकिस्तानचं आकाश बंद झाल्यावर दोनच दिवसांत, २६ एप्रिल २०२५ रोजी, आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं कंपन्यांना सूचना काढली. वाट बदलल्याचं आणि एकूण वेळ वाढल्याचं प्रवाशांना आधी सांगा, मध्ये तांत्रिक थांबा होणार असेल तर तेही सांगा, त्या थांब्यात प्रवासी बहुधा विमानातच बसून राहतील हेही सांगा, जेवण, पाणी आणि औषधांचा साठा वाढीव ठेवा. हे सगळं नेमकं पाहिजे तेच आहे. माझं भांडण एवढंच की हे आणीबाणीपुरतं का? लांबच्या प्रत्येक उड्डाणाला हे कायमचं का नाही?

कंपन्या म्हणतील, वारा रोज बदलतो, आकाश कधी बंद होईल सांगता येत नाही, आम्ही आधी काय छापणार? तीन महिने आधी नाही छापता येणार, कबूल. पण उड्डाणाच्या काही तास आधी प्रत्येक विमानाचा फ्लाइट प्लॅन तयार असतो. कुठल्या देशांवरून जायचं, वारा कुठून आहे, किती मिनिटं लागतील, किती किलो इंधन भरायचं, अडचण आली तर कुठं उतरायचं, सगळं त्यात मिनिटामिनिटानं लिहिलेलं असतं. तो वैमानिकाकडं जातो, वाटेवरच्या देशांच्या नियंत्रकांकडं जातो. ज्या कंपनीला चेक-इन सुरू झाल्याचा मेसेज पाठवता येतो, सामानाला जादा पैसे भरा असा मेसेज पाठवता येतो, तिला त्या प्लॅनमधल्या चार ओळी मराठीत पाठवायला काय हरकत आहे? आज तुमचं विमान अमुक वाटेनं जाईल. इतके तास इतकी मिनिटं. थांबा आहे किंवा नाही. पोचाल तेव्हा भारतात इतके वाजलेले असतील.